शांततेचे जाणकार

कामतघरच्या आमच्या गल्लीत शेजारचे काका शांततेवर बोलायला लागले की चार घरं पलीकडे ऐकू जातं. त्यांच्या भिंतीला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना आहे, त्यामुळे ओरडल्याशिवाय बोलायची त्यांना सवयच नाही. जपानला मुलीकडे महिनाभर राहून आल्यापासून त्यांना दुसरा विषय नाही.

"शहराच्या कडेला घर हाय पोरीचं. कुत्रा पन भुंकत न्हाय! मानसं दार लावतात ते पन हळू. याला म्हनतात राहनं. हितं काय, नुसती खडखड!"

तिथे पहिल्याच सकाळी जाग आल्यावर त्यांनी घाबरून मुलीला विचारलं होतं, "लाईट गेली का गं?" हे मला काकूंनी सांगितलं. काका हा भाग गाळतात.

परवा भर दुपारी खरोखरच लाईट गेली आणि गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले. मी म्हटलं, चला, काकांना आज जपान घरपोच मिळालं. तर ते झोपेतून उठून बनियनवरच बाहेर आले.

"काय झालं? कोन गेलं?"

"लाईट गेलीय, काका."

ते माझ्या पायरीवर बसले आणि गुडघा हलवत जपानच्या शांततेबद्दल बोलत राहिले. ओरडायची गरज नव्हती, तरी ओरडूनच. तासाभराने लूम सुरू झाले. काका अर्ध्या वाक्यात थांबले, उठले आणि घरात गेले.

पाचच मिनिटांत काकू दारात आल्या. त्या खडखडाटात बोलून उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी गालाखाली हात ठेवून खूण केली: झोपले.