लसणीची फोडणी दिलेली बिअर

दारूबंदी आणल्याबद्दल मी एक वेळ सरकारला माफ करीन. आईला करणार नाही. माझ्या आयुष्यातली पहिली बिअर तिने लसणीची फोडणी देऊन मारली, आणि वर आजतागायत ती त्याचं श्रेय घेते!

तेव्हा आम्ही अंधेरीच्या गावठाणात एका ख्रिस्ती कुटुंबाचे भाडेकरू होतो. आम्ही कोकणातले, ते पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. घरमालकांचा मुलगा गोदीत कामाला, माझ्याच वयाचा, माझा जिगरी दोस्त. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं आणि घरात सुतक आल्यासारखं झालं. कारण त्यांच्यात लग्नाच्या मांडवात मुलीचा बाप ग्लास उंचावतो, जोडप्याला चार शब्द बोलतो आणि सगळे मिळून पितात. आता उंचावायचं काय?

"माजे पोरीचे लग्नान लिंबाचा शरबत?" म्हातारे घरमालक गरजले. "मी ग्लासाला हात लावनार नाय. तोंडातून शब्द काढनार नाय!"

त्या काळी परमिट मिळायचं, पण पिण्यावाचून तुमच्या प्रकृतीचं काही खरं नाही, असं डॉक्टरने लिहून दिलं तर. म्हातारे मोठ्या आशेने गेले. डॉक्टरने पोट दाबलं, छाती ठोकली आणि तब्येत ठणठणीत असल्याचं सांगून त्यांना घरी पाठवलं. सभ्य माणसाचा इतका उघड अपमान मी पाहिलेला नाही. निरोगी राहिल्याची शिक्षा!

"आपणच बनवू," दोस्त म्हणाला. बोटीवरच्या एका खानसाम्याने त्याला कृती सांगितली होती. धान्याला मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं, भरडून उकळायचं, कडवटपणासाठी काहीतरी घालायचं आणि निवलं की खमीर सोडायचं.

"अरे, हे तर नाचणीचं सत्त्व!" मी ओरडलो. आमच्याकडे पोरांना तेच भरवून वाढवतात.

आईला सांगितलं, "मालकांना फार अशक्तपणा आलाय गं. सत्त्व करून देशील?" ती विरघळलीच. चांगलं पायलीभर केलं. कडवटपणासाठी आम्ही काडेचिराईत आणलं, गोडीला गूळ घेतला, पाववाल्याकडून खमीर आणलं. सगळं उकळून, निववून बरणीत भरलं आणि बरणी ठेवली आमच्या खोलीत, माच्याखाली. कारण पोलीस वास घ्यायला यायचे ते दारावर क्रूस असलेल्या घरात. तुळस दिसली की त्यांचं नाक बंद! याचाही मला संताप यायचा, पण त्या आठवड्यात मी तो गिळला.

दुसऱ्या दिवसापासून बरणी बोलायला लागली. बुडबुड, फसफस. आम्ही दोघं फडकं बाजूला करून वास घ्यायचो आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचो. झकास जमलं होतं!

लग्नाच्या सकाळी मी मांडवाला तोरणं बांधत होतो, तेवढ्यात दोस्त पांढराफटक होऊन आला. "वाट लागली. बरणी रिकामी आहे रे."

खोलीकडे धावणार तोच आई समोरून आली. हातात भलंमोठं पातेलं, त्यातून वाफा.

"काय रे मेल्यांनो! त्या आजारी माणसासाठी आंबील लावलीत आणि कच्चीच ठेवलीत? ताक घालून चांगली रटरटवून आणलीय. लसणीची फोडणी दिलीय. कडू का लागतेय कोण जाणे."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तिच्या मागोमाग हवालदार मांडवात शिरला होता. ख्रिस्ती लग्न म्हणजे त्याला आमंत्रण लागत नसे. तो सरळ पातेल्यापाशी गेला, वाकला, हुंगला.

"काय आहे?"

"नाचणीची आंबील. घ्या ना, उन्हातून आलात," आई म्हणाली आणि तिने त्याला पेला भरून दिला. हवालदाराने एक घोट घेतला, डोळे घट्ट मिटले, पेला खाली ठेवला आणि तडक निघून गेला.

मग आई म्हाताऱ्यांकडे वळली. "भाऊ, पोराने सांगितलं तुमच्या अशक्तपणाचं. आज एवढं उभं राहायचंय तुम्हाला. घ्या."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोरणाकडे पाहिलं. त्यांनी पेल्यात पाहिलं, नवरीकडे पाहिलं. ती बिचारी सकाळपासून बापाच्या तोंडाकडे बघत होती. ते उभे राहिले. पेला उंच धरला.

"माजी पोर," ते म्हणाले. "माजे पोरीला सुखान ठेव रे, जावयबापू." आणि गटागट प्यायले. मग अख्ख्या मांडवाला प्यावं लागलं. एकेकाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. नवरीने मात्र रडतरडत हसत सगळा पेला संपवला.

"वयनी," म्हातारे मिशा पुसत आईला म्हणाले, "अजून हाय काय?"

आई अजून सांगते, तिच्या आंबिलीने त्यांचा अशक्तपणा पळाला. कुठला अशक्तपणा? डॉक्टरने स्वतः सांगितलं होतं, ठणठणीत आहे म्हणून! आणि ती बिअर लागली असती कशी, ते मला आजही ठाऊक नाही.