फिटच्या गोळ्या आणि मंदाची शाळा

"ही मुलगी आमच्या शाळेत चालणार नाही," मुख्याध्यापिकेच्या चिठ्ठीत एवढंच होतं. चिठ्ठी टेबलावर ठेवून कमलबाई उभ्याच राहिल्या. त्या वर्षांत मी भिलाईत लहान मुलांची ओपीडी बघत असे. कमलबाईंचे यजमान चरोद्याच्या रेल्वे यार्डात कामाला. सोबत आठ वर्षांची मंदा, पहिलीत दुसऱ्यांदा.

कान, डोळे ठीक होते. एक काम सांगितलं की मंदा करायची. तीन एकदम सांगितली की गोंधळायची. मग तिची बोटं पाहिली. नखं अगदी बारकी, अर्धवट वाढलेली.

"ही पोटात असताना काही औषध चालू होतं?"

कमलबाईंनी दाराकडे पाहिलं. "फिटची गोळी. लग्नाआधीपासून. सासरी कोणालेच माहीत नाही."

आईच्या रक्तातलं औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं. फिटच्या काही गोळ्यांचा नखांवर, वाढीवर, पुढे शिकण्यावरही परिणाम होऊ शकतो. सगळ्याच मुलांत होत नाही. मंदाच्या बाबतीत मला दाट संशय होता. खात्री करणारी टेस्ट नव्हती.

"म्हणजे मीच केलं?"

"नाही. गोळी सोडून मोठी फिट आली असती, तर दोघींच्या जिवावर बेतलं असतं. आताही मनानं बंद करू नका."

शाळेला पत्र लिहायला घेतलं आणि थांबले. गोळीचं लिहिलं नाही तर पत्र मोघम. लिहिलं तर गोष्ट रेल्वे कॉलनीभर होणार.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पोरीले मठ्ठ म्हणून राहिले लोक. त्यापरीस मले फिटवाली म्हणू द्या."

दुसऱ्या दिवशी मीही शाळेत गेले. पत्र वाचून मुख्याध्यापिकेनं आम्हाला वर्गशिक्षिकेकडे पाठवलं. तिथं बोलल्या मात्र कमलबाईच. "मॅडम, हिले एका टायमाले एकच सांगा. झालं की दुसरं."

"चाळीस मुलांत एकीसाठी कसं जमवू?"

"मी येतो ना रोज. मागं बसतो."

वर्षभर त्या शेवटच्या बाकावर बसल्या. घरी कळलंच. सासूनं कित्येक महिने अबोला धरला. कमलबाईंचा एक दिवस चुकला नाही. मंदा दुसरीत गेली, पुढे आठवी झाली. गणित शेवटपर्यंत कच्चं राहिलं, पण वडिलांना पेपर तीच वाचून दाखवायची.

आमच्या केसपेपरवर आईच्या औषधांसाठी रकानाच नव्हता. मंदा पहिल्यांदा आली त्याच आठवड्यात मी तो पेनानं आखून घेतला. तोवर आया आपणहून सांगत नाहीत म्हणून आम्ही कुरकुरायचो. विचारत मात्र कोणी नव्हतं.