माझा एकमेव गोल

मी फुटबॉलमध्ये बचावपटू आहे. आपल्या गोलच्या जाळ्यात काही जाऊ द्यायचं नाही, हा माझा धंदा. हे आमच्या बोईसरजवळच्या नवापुरात समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, कारण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसं जाळं भरायलाच समुद्रात जातात. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईने बोंबील वाळत घालता घालता विचारलं, "जाळं रिकामं ऱ्हायलं की तुला शाबासकी? कुटले रे हे येडे लोक?"

हे वेडे लोक मालदीवचे. 'फॉरेनला खेळतो' म्हटलं की गावाच्या डोळ्यांपुढे बर्फ येतं. मी मात्र समुद्र आणि सुक्या मासळीचा वास सोडून निघालो तो थेट समुद्र आणि सुक्या मासळीच्या वासातच पोचलो. सुट्टीत घरी आलो की मामाचा ठरलेला प्रश्न, "किती गोल मारलेस?" एकही नाही म्हटलं की रिकामी परतलेली बोट बघावी तसा तो माझ्याकडे बघायचा.

यंदा माझा करार संपत होता. पुढचा हंगाम मिळणार की नाही, ते शेवटच्या सामन्यावर होतं. चौतिशीतल्या गुडघ्यांना दुसरं कोण विचारणार? त्या सामन्यात आलेला चेंडू बाहेर काढायला मी पाय घातला आणि तो आमच्याच गोलरक्षकाला चकवून आमच्याच जाळ्यात गेला. सामना हरलो, करारही गेला.

व्हिडिओ माझ्याआधी गावात पोचला होता. चेंडू जाळ्यात आणि पडद्यावर माझं नाव, गावाला आणखी काय हवं? बंदरावर बोईसरहून छापून आणलेला बॅनर झळकत होता : 'गावाची शान, परदेशात गोल!' मामाने फटाक्यांची माळ लावली. "मामा, तो गोल..." एवढं मी म्हणतोय तोवर त्याने माझ्या तोंडात पेढा कोंबला. माझ्यापेक्षा त्याचा बचाव चांगला.

सगळे पांगल्यावर आई भाकरी वाढत म्हणाली, "आपल्याच जाळ्यात घातलास ना?"

मी गारच पडलो. "तुला कसं कळलं?"

"व्हिडिओत बगितलं ना. म्हावरं गावलेला मानूस असा डोक्याला हात लावून बसतो काय? आता परत नाय ना बोलवत ते?"

"नाय."

इतके दिवस आवरलेलं रडू तिथे आलं. नाक पुसत म्हणालो, "उद्या सगळ्यांना खरं सांगतो. तो बॅनर उतरवू."

"गप जेव," आई म्हणाली. "अख्ख्या जल्मात एकच गोल हाय तुजा. ऱ्हाऊ दे."