शनीचं ग्रहण, आठ छत्तीसपर्यंत

माझ्या वर्गातले सगळे हुशार लोक तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये गेले होते. मी शनीमध्ये होते. घरी पाहुणे आले की आई "ती अजून शिकतेय" असं सांगायची, एखादं जुनं दुखणं सांगावं त्या सुरात.

काम तसं सोपं. एखादा तारा शनीच्या आड जातो, तेव्हा तो फटकन विझत नाही. शनीभोवतीच्या विरळ हवेतून त्याचा प्रकाश वाकत, पसरत हळूहळू मंद होतो. किती वेगाने मंद होतो ते मोजलं की तिथली हवा किती विरळ, किती गरम, हे पुण्यात बसून कळतं. तारा बाहेर येताना तेच उलट. असा सोयीचा तारा पुन्हा मिळायला मला साठी गाठावी लागली असती, आणि शिष्यवृत्ती तर दोन महिन्यांत संपत होती. हा तारा हुकला की प्रबंध गेला आणि मीही हुशारांत जमा.

आमची दुर्बीण मांजरीला, पूर्वी उसात होती. आता उसाच्या जागी सोसायटी उगवली होती आणि तिच्या गच्चीवरच्या हॅलोजनचा उजेड थेट आमच्या घुमटात शिरत होता. चेअरमन तिथलेच जमीनवाले. ऊस लावण्यापेक्षा फ्लॅट लावणं बरं, हे त्यांना वेळेत कळलं होतं. दिवे बंद ठेवा म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी त्यांना तीन पत्रं पाठवली. तिन्ही अस्सल पुणेरी. उत्तर आलं नाही याचं आश्चर्य फक्त सरांना वाटलं.

शेवटी मी स्वतः गेले. शनीची हवा, वाकणारा प्रकाश, तापमान, सगळं समजावलं. चेअरमननी जांभई दिली. मग मी म्हटलं, "अहो, शनी एका ताऱ्याला ग्रहण लावणार आहे."

ते ताठ बसले. "शनी? मला साडेसाती हाय, म्याडम. कवा लागतंय? सुटतंय कवा?"

"सात चाळीसला लागेल. आठ छत्तीसला सुटेल. तोवर सोसायटीत एकही दिवा लावू नका."

ग्रहणात काही पाळायचं नसतं, हे सांगत मी शाळाशाळांतून फिरले होते. मुलांसमोर पोहे खाऊन दाखवले होते. त्या दिवशी मात्र मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

त्या संध्याकाळी सगळी सोसायटी काळोखात बुडाली. राहणारे बहुतेक इंजिनिअर, त्यामुळे खिडकीतला दिवासुद्धा कुणी लावला नाही. तारा शनीआड गेला आणि त्याच्या प्रकाशाची कागदावरची रेघ इतकी सुरेख उतरत गेली की मला रडू आलं. सर म्हणाले, "डोळे पुसा, कागद भिजेल."

आठ छत्तीसला ग्रहण सुटलं. ताऱ्याने डोकं वर काढायला आणि सोसायटीने दिवे लावायला एकच गाठ पडली. हॅलोजन, जिने, खिडक्या, वर फटाक्यांची माळ. रेघ वर गेली ती गेलीच. नऊपर्यंत असं मोघम सांगितलं असतं तर माझं काय बिघडलं असतं? पण आम्हाला कुणी वेळ विचारली की ती अचूकच सांगायची, मग भले आपलंच वाटोळं होवो.

"अर्ध्या नोंदीवर प्रबंध होईल," सर म्हणाले. "उरलेली अर्धी का नाही, ते लिहावं लागेल. खरं लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन पेढ्यांचा पुडा घेऊन घुमटाशी हजर.

"समदं नीट पाळलं बघा. सून आठव्या महिन्यात हाय. तासभर उताणी पडून व्हती, हलू दिलं न्हाई. पानी मागत रडली, पर दिलं न्हाई. आता बाळाला काय भ्या न्हाई ना?"

काल रडणारी मी एकटीच नव्हते तर. मला माझी भयंकर लाज वाटली.

"काही भीती नाही," मी म्हटलं. "अहो, ते तसलं ग्रहण नव्हतंच. मला फक्त तुमचे दिवे बंद हवे होते."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुडा तेवढा माझ्या हातात ठेवला.

"मंग तसं सांगायचं की, ताई," ते म्हणाले. "पोरीला घोटभर पानी दिलं असतं."