शेजारच्या काकांचं बिअरचं पिंप

अंबरनाथला आमच्या शेजारचे काका घरी बिअर करतात. आधी बाटल्यांत भरत. उन्हाळ्यात तीन फुटल्या. मग त्यांनी उल्हासनगरच्या एका वर्कशॉपमधून स्टीलचं जुनं पिंप आणलं. आता त्यात बिअर ओतून सिलिंडरने फेसासाठी कार्बन डायऑक्साइड गॅस भरतात. कारखान्यात ते फिटर होते. अजूनही दिसेल त्या जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा शोधतात आणि बोलताना समोरच्याऐवजी प्रेशरच्या काट्याकडे बघतात.

रविवारी त्यांनी मला पिंप दाखवलं. झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड वेल्डिंग करून बंद केलेलं होतं.

"काका, हा बंद का केला?"

"गळत होता. आता बघा, एक बुडबुडा नाही."

"आणि प्रेशर जास्त झालं तर?"

"चाळीस वर्षं हेच केलं, साहेब. मी बसतो ना समोर."

काल संध्याकाळी काकू मेथीची जुडी घेऊन आमच्याकडे आल्या. "ह्यांनी पाठवलं. गॅस भरतायत. म्हणाले, अर्धा तास तिकडेच बस."

मी जाऊन बेल वाजवली. दार उघडलं नाही.

"हिला तिथेच ठेवा," ते आतून म्हणाले. "आणि तुमच्या स्वयंपाकघरात कोणी थांबू नका. भिंत एकच आहे."