फरशीवाल्याच्या अंगणातले गुलाब

त्याचं खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं. बाकी सगळा परिसर त्याला लेव्हल म्हणायचा. धंदा फरशी बसवण्याचा, आणि खोड अशी की कुणाकडे चहाला गेला तरी कप उचलण्याआधी टेबल कुठल्या बाजूला झुकलंय ते बघायचा. बायको सांगायची, "आमच्या लग्नाचा फोटो बघा. मी याच्याकडे बघतेय, आणि हा मागचा पडदा वाकडा लागलाय तिकडे बघतोय."

घराच्या मागच्या बाजूला मोठ्या खोलीएवढं अंगण होतं. ते त्याने वर्षानुवर्षं कामावरून उरलेल्या फरश्यांनी मढवलं होतं. एकीसारखी दुसरी नव्हती, पण सांधे असे जुळवलेले की बघणाऱ्याला वाटावं, हे असंच ठरवून केलंय. कुठली फरशी कुठल्या घरची, हे त्याला तोंडपाठ होतं. ही दातांच्या डॉक्टरांची. ही बेकरीतली. ही त्या दोन भावांकडची, ज्यांनी घराच्या मधोमध भिंत घातली पण दोन्हीकडे फरशी मात्र एकच हवी म्हणून हट्ट धरला. संध्याकाळी कामावरून आला की तो पाय धुऊन अनवाणी या फरशीवर एक चक्कर मारायचा. तेवढ्याने त्याचा शीण जायचा.

मग सासूबाई राहायला आल्या.

त्या एका छापखान्यात पुस्तकं बांधायच्या. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण बोटं अजून सांडशीसारखी मजबूत होती. गुडघे मात्र गेले होते. एकट्या राहायच्या त्या घराला उंच जिना, आणि वर खाली करणं आता झेपेना. लेक म्हणाली, चल माझ्याकडे. सासूबाईंनी खूप आढेवेढे घेतले. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होत होतं. शेवटी आल्या, त्या एक पेटी आणि तेलाच्या चार डब्यांत लावलेले चार गुलाब घेऊन.

"जावईबापू, हे कुठे ठेवू? तुम्हाला अडचण होणार नाही असं एखादं कोपऱ्यातलं ठिकाण सांगा."

"छे छे, अडचण कसली! तुमचंच घर आहे. कुठेही ठेवा."

त्या घरात पुढचे कित्येक महिने असंच चाललं. त्या त्याला जावईबापू म्हणायच्या, तो त्यांना आई म्हणायचा, आणि दोघं एकमेकांशी असे अदबीने बोलायचे की जणू दोघंही तिसऱ्याच कुणाकडे पाहुणे आलेत. तो टीव्ही लावताना त्यांना विचारायचा. त्या पाणी प्यायला उठताना त्याला सांगायच्या. मधल्या मधे बायकोचा जीव मेटाकुटीला यायचा. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, दिवसभर उभी. घरी आल्यावर म्हणायची, "तुम्ही दोघं एकदा कडाकडा भांडा बघू. म्हणजे मला जरा आरामात बसता येईल."

डबे अंगणात ठेवले, आणि आठवड्याभरात लेव्हलला फरशीवर गंजाची गोल वर्तुळं दिसली. नेमकी डॉक्टरांच्या पांढऱ्या फरशीवर. बोलायची तर सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने विटा आणल्या आणि गुपचूप एकेक डबा विटांवर चढवला. संध्याकाळी घरी आला तर सासूबाई शेजारच्या बाईंना कुंपणावरून सांगत होत्या, "जावईबापूंचा जीव बघा केवढा मोठा! डब्यांना खालून हवा लागावी म्हणून विटा लावल्या. मी काही बोललेसुद्धा नव्हते."

लेव्हल कानकोंडा होऊन आत गेला. बायको दारातच उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

उन्हाळा आला तसं डब्यांमधलं सगळं बिनसत गेलं. फरशी दुपारी तव्यासारखी तापायची. वरून ऊन, खालून धग. पानांच्या कडा करपल्या, कळ्या उमलायच्या आधीच माना टाकायला लागल्या. सासूबाई सकाळ संध्याकाळ पाणी घालायच्या, दुपारी गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत उठून डब्यांवर ओली पोती टाकायच्या. तरी दोन गुलाब गेलेच. त्यांनी ते कुणाला न सांगता उपटले, माती उरलेल्या दोन डब्यांत वाटून टाकली आणि रिकामे डबे धुऊन पालथे घातले. जेवताना त्या नेहमीसारख्याच बोलल्या. लेव्हलने मात्र त्या पालथ्या डब्यांकडे बघितलं. चार आले होते, दोन उरले. ही बाई ओरडली असती, रडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं.

उन्हाळा जरा ओसरल्यावर एका सुट्टीच्या सकाळी तो छिन्नी हातोडा घेऊन अंगणात बसला. कुंपणाजवळच्या, सकाळचं ऊन मिळणाऱ्या पट्ट्यातले सांधे त्याने आधी कटरने कापून घेतले. आवाज ऐकून सासूबाई धावत, म्हणजे त्यांच्या मानाने धावत, बाहेर आल्या.

"अहो, हे काय करताय? माझ्यासाठी काही फोडू नका, तुम्हाला सांगून ठेवते!"

"तुमच्यासाठी कुठे, आई? या बाजूच्या फरश्या पोकळ वाजत होत्या. काढायलाच आल्या होत्या."

खिडकीतून बायकोने हे ऐकलं. लेव्हलने बसवलेली फरशी पोकळ वाजते, असं त्याच्या शत्रूनेही कधी म्हटलं नसतं. ती चहा करायला गेली, आणि त्या दिवशी तिने चहात साखर जरा सढळ हाताने घातली.

फरश्या काही केल्या निघेनात. बेकरीची एक अख्खी निघाली, बाकीच्यांचे तुकडे पडले. खाली काँक्रीट होतं, त्याने स्वतःच ओतलेलं. दुपारपर्यंत पहार मारून मारून त्याच्या तळहाताला फोड आले.

"कोणी ओतलंय रे हे?" तो वैतागून म्हणाला. "हत्ती नाचवायचे होते का इथे?"

"त्या गृहस्थाला मी चांगली ओळखते," खिडकीतून आवाज आला. "तेव्हा पण मी सांगितलं होतं, थोडी माती ठेव म्हणून."

काँक्रीटखाली ठोकून घट्ट केलेला मुरूम लागला. तो हातभर उकरून काढला, बाहेरून माती आणली, कुजलेलं शेणखत मिसळलं. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. आता त्यांचा आवाज थोडा मोकळा झाला होता. "ही गाठ दिसते ना, जिथे कलम बांधलंय, ती मातीच्या वर राहू द्या. हं, असं. मुळं मोकळी करा. दाबा, पण ठोकू नका, ही फरशी नव्हे." डब्यातले दोन आणि रोपवाटिकेतून आणलेले तीन, असे पाच गुलाब त्या पट्ट्यात लागले. लेव्हलने दोरी धरून ते एका रेषेत लावले. सासूबाईंना रेषेची काही पडलेली नव्हती, पण त्यांनी लावू दिलं.

पंधरवडा बरा गेला. मग पानं पिवळी पडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, नव्या मातीत रुळायला पाणी लागतं, आणि त्यांनी पाणी वाढवलं. पानं आणखी पिवळी पडली आणि गळायला लागली. त्यांची झोप उडाली. त्यांच्या जुन्या घराखालच्या मातीत याच हाताने लावलेले गुलाब फोफावले होते, मग इथेच काय झालं?

लेव्हल दोन दिवस त्या पट्ट्याभोवती घुटमळत होता. शेवटी त्याने एक सळई घेतली आणि मातीत खोल खुपसली. बाहेर काढली तर टोकाला चिखल, आणि त्या चिखलाला घाण वास. त्याने सळई सासूबाईंपुढे धरली.

"आई, मी वाफा केलाच नाही. मी हौद बांधलाय. चारही बाजूंनी काँक्रीट, खाली ठोकलेला मुरूम. पाणी जाणार कुठून? ज्या न्हाणीघरात मोरीच नाही, तिथे आपण रोज बादल्या ओततोय!"

सासूबाईंनी सळईचं टोक बोटाने चोळून नाकाशी नेलं. "आणि मी वर आणखी ओतत राहिले," त्या म्हणाल्या. "तिकडची माती भुसभुशीत होती. कितीही घाला, पिऊन टाकायची. इथे ते डोक्यात ठेवायला हवं होतं. यात तुमची एकट्याची चूक नाही."

पुन्हा सगळं उकरलं. पाचही रोपं ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवली. लेव्हलने पहारीने खालचा थर फोडून मऊ माती लागेपर्यंत नेला, एका अंगाला उतार दिला आणि तिथून पाइप काढून बाहेरच्या नालीत सोडला. उतार तपासायला बादलीभर पाणी ओतून तो जमिनीवर पालथा पडून बघत राहिला. पाणी सरसर निघून गेलं तेव्हा त्याने वर बघितलं, आणि सासूबाईंनी त्याला पहिल्यांदाच शाबासकी दिल्यासारखी मान हलवली. आता हे त्याचं काम होतं. यातलं त्यांना कळत नव्हतं आणि त्याला कळत होतं, हे दोघांनाही बरं वाटलं.

एक रोप वाचलं नाही. चार सावरली.

त्यातल्या एकाला पुढे बुंध्याशी एक कोंब फुटला. तो असा जोमाने वाढायला लागला की लेव्हल हरखून गेला. रोज सकाळी उठल्या उठल्या तो आधी त्याच्याकडे जायचा. शेजारी काठी रोवली, ओळंबा लावून ती सरळ केली, कोंब तिला सुतळीने बांधला. कामावर हाताखालच्या माणसांना मोबाइलवर फोटो दाखवले. "बघ, कालच्यापेक्षा वीतभर जास्त!"

एका सकाळी तो दात घासत अंगणात आला तर सासूबाई नेमक्या त्याच रोपाजवळ वाकलेल्या, हातात छाटणीची कात्री.

"आई, थांबा!" त्याने धावत जाऊन कोंबाला हाताचा आडोसा केला.

"अरे, हात काढ!" त्या ओरडल्या. "कापला जाशील ना, वेड्या! गाठीच्या खालून फुटलाय तो, दिसत नाही का तुला? जंगली आहे. सगळा रस हाच पितोय आणि वरचं कलम उपाशी मरतंय!"

आणि मग सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. जावयाला त्या अरे म्हणाल्या होत्या, वर वेड्या म्हणाल्या होत्या. लेव्हल तोंडात फेस घेऊन तसाच आत निघून गेला.

त्याला राग आला होता की काय, हे त्याचं त्यालाच कळेना. इतके दिवस जपलेला कोंब काहीच कामाचा नव्हता, याचं वाईट वाटत होतं. तो तोंड धुऊन स्वयंपाकघरात बसला. थोड्या वेळाने सासूबाई दारात आल्या. आत नाही आल्या.

"जावईबापू, माझ्या तोंडून भलतंच गेलं. वयाने जिभेला हाड राहत नाही. तुम्ही मनावर घेऊ नका."

लेव्हल कपाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "माझी आई गेल्यापासून मला घरात अरे म्हणणारं कोणी नाही. ही म्हणते, पण तिचं अरे वेगळं."

"वेगळं म्हणजे?" ओट्याजवळून बायकोने मान वळवली.

"तुझ्या अरेच्या मागे नेहमी काहीतरी काम असतं." तो सासूबाईंकडे वळला. "राहू द्या ना तसंच. जावईबापू म्हटलं की मला पाठ ताठ करून बसावं लागतं."

सासूबाईंनी मग पदराने उगाचच ओले नसलेले हात पुसले आणि म्हणाल्या, "मग उठ. तो कोंब तूच काढ. कापायचा नाही, बुंध्यापासून ओढून काढायचा, नाहीतर परत फुटेल."

त्याने सुतळी सोडली, माती बाजूला केली आणि कोंब मुळापासून ओढला. टरकन आवाज झाला. तो हातातल्या कोंबाकडे बघत राहिला. पण महिन्याभरात वरच्या कलमाला लालसर नवी पालवी आली आणि पाठोपाठ एक कळी.

पहिलं फूल काही फार देखणं नव्हतं. फिकट गुलाबी, एका बाजूला किड्याने कुरतडलेलं. तरी तिघंही सकाळी त्याच्यापाशी उभे राहिले. बायकोची ओढणी काट्यात अडकून फाटली, आणि ती कामावर उशिरा पोहोचली.

त्यानंतर अंगण हळूहळू आकसत गेलं. पुढच्या वर्षी दुसरा पट्टा निघाला, मग दाराजवळचा कोपरा. दर वेळी सासूबाई नको म्हणाल्या आणि दर वेळी खुर्ची मात्र त्यांनी आधीच बाहेर काढून ठेवलेली असायची. लेव्हल छाटणी शिकला. आधी भीतभीत शेंडे खुडायचा, मग त्या ओरडायच्या, "केस कापायला बसलायस का? अर्धं काढ, रोपाला कळू दे!" मावा पडला की तो साबणाचं पाणी फवारायचा, आणि हात धुतल्याशिवाय फरशीला हात लावायचा नाही, कारण गिऱ्हाइकं म्हणायची, तुमच्या हाताला शेणखताचा वास येतो.

एकदा सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं आणि त्या तिच्या सोबतीला गेल्या. रोज सकाळी फोन यायचा. बायको आंघोळीला गेलेली असायची, तेव्हा लेव्हलच उचलायचा.

"पानांवर पांढरं काही दिसतंय का रे?"

"नाही हो आई."

"खरं सांग. तुझा आवाज असा का येतोय?"

"थोडं दिसतंय. दोनच पानांवर."

"मला माहीतच होतं! ती पानं काढून टाक, आणि झाडावर पाणी ओतू नकोस, बुंध्याशी घाल. सकाळीच. मावशी बरी आहे म्हणून सांग तिला."

बायको केस पुसत बाहेर आली. "आईचा फोन होता? मग मला का नाही दिलास?"

"तुझ्याशी बोलायचं नव्हतं त्यांना," लेव्हल म्हणाला. "मावशी बरी आहे." आणि चष्मा लावून, कात्री घेऊन, तो अनवाणीच अंगणात उतरला.