ओढून बसवलेले चौकोन

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, आणि त्या आठवड्यात तर ती जरा जास्तच फिरत होती. दापोलीला माझ्या लेकीला मुलगी झाली होती. रविवारी बारसं. पणतीसाठी आई क्रोशाचं सुती दुपटं विणत होती. वीतभर रुंदीचे चौकोन विणायचे आणि शेवटी एकमेकांना जोडायचे.

आईने ऐंशी ओलांडलेली. गेलं वर्षभर तिचा हात कापतो. त्यामुळे एक चौकोन हातरुमालाएवढा, तर दुसरा बशीएवढा. तिला हे सांगायची माझी छाती नव्हती. आळीतल्या निम्म्या पोरींना तिनेच क्रोशा शिकवला. एक टाका चुकला की सगळं उसवायला लावायची, मलासुद्धा. हाताची सफाई गेली हे कळलं तर ती सुई खाली ठेवील आणि पुन्हा उचलणार नाही, याची मला धास्ती वाटायची.

म्हणून रोज दुपारी ती आडवी झाली की मी मागच्या खोलीला आतून कडी लावायची. चौकोन ओले करायचे, गादीवर पुठ्ठ्याच्या मापाला ताणून टाचण्या मारायच्या आणि पंखा पाचावर. वाळले की सगळे एकसारखे. "बघ, काय सुबक आलेत," असं वर तिलाच सांगायची. ती वीत लावून बघायची, मान डोलवायची. स्वतःचा राग यायचा मला, पण करणार काय!

शुक्रवारी दुपारी लाईट गेले. आमच्याकडची हवा आधीच दमट, पंख्याशिवाय वाळणार काय, कप्पाळ! दर दोन मिनिटांनी हात लावून बघत होते. ओलेच. वर्तमानपत्राने वारा घातला, खिडकीपाशी गेले, परत आले. तरी ओलेच. एवढ्यात दार वाजलं.

"कडी काढ गो."

काढली. आई भिंतीला धरून आत आली, गादीच्या काठावर बसली आणि एका चौकोनावरून बोट फिरवलं. काय थाप मारावी ते मी जुळवत होते, तर तीच म्हणाली, "बाळाचं दुपटं हे. पहिल्याच दिवशी धुवायला जाईल. ओढून बसवलेला दोरा पाण्यात गेला की परत आपल्या जागी येतो. शिकवलं होतं ना तुला?"

शिकवलं होतं. धांदलीत डोक्यातच आलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

"तुला कधी कळलं?"

"माझाच हात ना तो? मला नाय कळणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढी खटपट करत होतीस. म्हटलं, करू दे."

तिने कापत्या बोटांनी एक टाचणी उपटली. चौकोन आखडला, कोपरा वर आला. मी घाईघाईने म्हटलं, "हा उसवून मी पुन्हा विणते. रविवारपर्यंत होईल."

"नको. आधीचेपण पाण्यातून काढ आणि आहेत तसे जोड. मोठी झाली की बघेल. कळू दे तिला, पणजी किती म्हातारी होती ती."